‘जनरली’ आणि ‘इन शॉर्ट’: विधानाची मर्यादा व विवेचनाचा समारोप

इंग्रजीत निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार पुष्कळदा निर्दोष असतो. परंतु एखाद्या लहानशा क्रियाविशेषणाने त्याचा युक्तिवाद लंगडा होतो. सामान्य विधान करणारी आणि समारोप करणारी क्रियाविशेषणे (व तत्सम पदसमूह) हे दोन निराळे वर्ग होत. पहिला वर्ग विधानाची मर्यादा सांगतो. दुसरा पूर्वीच्या विवेचनाचा निष्कर्ष हाती देतो. हा भेद वर्गात स्पष्ट करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘सर्व धातू सामान्य तापमानाला घन असतात’ हे विधान पाऱ्याचे नाव निघताच कोसळते. ‘सर्व’ काढून ‘जनरली’ घातले की अपवादाला जागा मिळते व विधान टिकते. ‘मोस्टली’चा रोख संख्येकडे, तर ‘ब्रॉडली’चा स्थूल स्वरूपाकडे असतो. मात्र अपवादांचा शोध न घेताच ‘जनरली’ लिहिणे ही सावधगिरी नव्हे, पळवाट होय.

येथे मराठी प्रतिशब्दही जपून योजावा. ‘तो सामान्यतः सकाळी येतो’ यात नित्याचा क्रम आहे. ‘तो बहुधा सकाळी येईल’ यात केवळ अंदाज आहे. म्हणून ‘जनरली’ला ‘सामान्यतः’ हाच शब्द योग्य.

आता दुसरा वर्ग पाहू. ‘इन शॉर्ट’ आधी सांगितलेलेच संक्षेपाने सांगतो. त्याच्यामागून नवा मुद्दा आणू नये. ‘ऑन द होल’ दोन्ही बाजू तोलून निर्णय देतो. जेथे दुसरी बाजू मांडलेलीच नाही, तेथे तो पोकळ ठरतो. ‘ब्रीफली’ वाक्यारंभी स्वल्पविरामासह आला तर ‘थोडक्यात सांगावयाचे तर’ असा अर्थ होतो. क्रियापदानंतर आला तर क्रिया अल्पकाळ चालली, असा.

सर्वांत अधिक घोटाळा आपल्या ‘शेवटी’ने होतो. मालिकेतील अखेरच्या मुद्द्यास ‘फायनली’ शोभतो. ‘अ‍ॅट लास्ट’ दीर्घ प्रतीक्षा संपल्याचे सुचवितो. निबंधाच्या समारोपास ‘अ‍ॅट लास्ट’ लिहिणारा विद्यार्थी, लेखन एकदाचे संपले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकीत आहे, असेच वाचकास वाटते!

तेव्हा निबंध तपासताना शिक्षकांनी केवळ तांबडी रेघ न ओढता दोन प्रश्न विचारावेत: या विधानाला अपवाद कोणता? आणि हा निष्कर्ष वरील कोणत्या मुद्द्यांतून निघाला? त्यांची उत्तरे देता आली, तर योग्य शब्द विद्यार्थ्यास आपोआप सुचेल. न आली, तर दोष शब्दाचा नसून युक्तिवादाचा आहे, हे त्याच्याच ध्यानी येईल.