मोटारीचे दिवे : घरीं सांधणें व रंगविणें

पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डांत भाजीपाल्याचा व्यवहार पहांटेंच सुरू होतो. त्या वेळेस माल पोंचवावयाचा म्हणजे शेतकऱ्यास गाडी रात्रींच हांकावी लागते. पुरंदरचा वाटाणा, अंजीर व सीताफळ दिवे घाट उतरून येतें; जुन्नर-खेडकडील भाजी नाशिक रस्त्यानें व दौंडकडील माल सोलापूर रस्त्यानें येतो. बैल घेतांना त्याचे दांत व डोळे पाहणारा आपला शेतकरी टेंपो घेतांना इंजिन पाहतो, टायर पाहतो. परंतु टेंपोच्या डोळ्यांकडे, म्हणजे पुढील दिव्यांकडे, त्याचें लक्ष बहुधा ते बंद पडल्यावरच जातें. दिवा बंद पडण्यापूर्वीं कित्येक दिवस तो मंद झालेला असतो, आणि रस्त्याच्या कडेस उभी असलेली उंसाची ट्रॉली मंद दिव्यास उशिरां दिसते. हा मंदपणा थोड्या खर्चांत व घरच्या घरीं कसा दूर करावा, आणि कोणत्या कामास घरीं हात घालूं नये, हें येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

जुन्या गाड्यांच्या व ट्रॅक्टरांच्या दिव्यांस खरी कांच असे. ती पिवळी पडत नसे. गंजून बिघडे तो आंतील आरसा. आतां बहुतेक गाड्यांच्या दिव्यांस पॉलिकार्बोनेटचें आवरण असतें. हें हलकें असतें व खडा लागून सहसा फुटत नाहीं. परंतु तें मऊ असल्यामुळें त्यावर कारखान्यांत एक कठीण पारदर्शक लेप दिलेला असतो. उन्हांतील अतिनील किरणांनीं व धुळीच्या घासण्यानें तो लेप झिजतो, आणि आवरण पिवळट व धुरकट होतें. दिव्यांतून निघणारा उजेड मग पुढें न जातां तेथेंच विखुरतो. त्यामुळें आपणांस कमी दिसतें, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात.

यावर उपाय सोपा आहे. दिव्याभोंवतालच्या पत्र्यास चिकटपट्टी लावून घ्यावी. पाण्यांत भिजविलेला ८०० नंबरचा पॉलिश कागद घेऊन सर्व आवरण एकसारखें घांसावें. पिवळें पाणी येणें थांबलें म्हणजे १५०० व नंतर २००० नंबरचा कागद घ्यावा. शेवटीं पॉलिशचा मलम मऊ फडक्यानें फिरवावा. येथपर्यंत सर्वजण करितात. पुढील पायरी मात्र बहुतेक गाळतात. घांसल्यानें जुना लेप निघून गेलेला असतो, म्हणून आवरण पूर्ण वाळल्यावर त्यावर अतिनील किरणें अडविणाऱ्या पारदर्शक लेपाचे दोन पातळ हात द्यावे. तसें न केल्यास कांहीं महिन्यांत दिवा पुन्हां पिवळा पडतो. दंतमंजनाच्या मलमानें दिवा घांसण्याची युक्ति अनेकांस ठाऊक आहे. तीनें चकाकी येते खरी. परंतु लेप परत येत नसल्यानें ती टिकत नाहीं.

दुसरा दोष पाण्याचा. पावसाळ्यांत किंवा गाडी धुतल्यावर दिव्यांत थोडें धुकें धरलें व दिवा लाविल्यावर तें निघून गेलें, तर चिंतेचें कारण नाहीं. दिव्याच्या पेटीस श्वास घेण्यासाठीं मुद्दाम बारीक छिद्रें ठेवलेलीं असतात. पाण्याचे थेंब सांचून राहत असतील तर मात्र प्रथम मागील रबरी टोपी तपासावी. पुष्कळदां बल्ब बदलतांना ती नीट बसविलेली नसते, एवढाच दोष निघतो. टोपी ठीक असून पाणी येत असेल, तर पेटी व आवरण यांचा सांधा सुटला असें समजावें.

हा सांधा बहुधा ब्युटिल नांवाच्या काळ्या चिकट रबरानें भरलेला असतो, व तें उष्णतेनें मऊ होतें. दिवा गाडीवरून उतरवून बल्ब, टोप्या, स्क्रू व पकडी काढाव्या. गरम हवेच्या यंत्रानें सांध्याभोंवतीं हळूहळू शेक द्यावा. एके जागीं यंत्र धरूं नये, नाहींतर पेटी वांकडी होते. स्वयंपाकाच्या भट्टींत दिवा कधींही तापवूं नये. सांधा उकलल्यावर खोबणींतील जुनें ब्युटिल काढून नवी दोरी बसवावी, पुन्हां शेक देऊन आवरण दाबावें, आणि स्क्रू व पकडी लावून थंड होऊं द्यावें. मग झारीनें सांध्यावर पाणी ओतून पाहावें. कांहीं दिव्यांचा सांधा कायमचा चिकटविलेला असतो. तो शेकानें उकलत नाहीं. बळ केल्यास आवरण फुटतें. असा दिवा घरीं उघडूंच नये. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारें सिलिकोन सांध्यांत भरूं नये, कारण त्याच्या वाफेनें आंतील आरसा खराब होतो. तसेंच श्वासाचीं छिद्रें बुजवूं नयेत. तीं बुजलीं तर आंत शिरलेलें पाणी बाहेर पडावयास वाटच राहत नाहीं.

आतां रंगाविषयीं. दिवा उघडलाच आहे, तर आंतील चौकट काळी करावी, अशी हौस हल्लीं तरुणांत दिसते. शोभेच्या चौकटीस उष्णता सोसणारा रंग देतां येतो. परंतु तो पूर्ण वाळल्याखेरीज दिवा मिटवूं नये, नाहींतर रंगाची वाफ आवरणाच्या आंतून बसते. आरशास मात्र रंग तर नाहींच, पण फडकेंही लावूं नये. त्यावरील ॲल्युमिनियमचा थर अत्यंत पातळ असतो. पुसल्यानें तो निघतो, आणि गेलेली झळाळी घरीं परत येत नाहीं.

आवरणाचा वरचा अर्धा भाग काळा करण्याची जुनी चालही येथें तपासली पाहिजे. १९६५ व १९७१ च्या युद्धांच्या वेळीं विमानांस उजेड दिसूं नये म्हणून आपल्या देशांत मोटारींचे दिवे असे रंगविले जात. युद्धें संपल्यावरही कांहीं चालकांनीं ती चाल समोरच्याचे डोळे दिपूं नयेत म्हणून चालू ठेविली. हेतु चांगला, पण परिणाम उलट. एच-४ जातीच्या बल्बांत खालच्या उजेडाच्या तारेखालीं एक लहानशी वाटी असते. त्यामुळें तो उजेड आरशाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो व तेथून रस्त्याकडे वळतो. आवरणाचा वरचा भाग रंगविला म्हणजे ज्या उजेडानें समोरच्यास त्रास होत नाहीं, तोच बव्हंशीं अडतो. अंधारलेला चालक मग वरचा उजेड लावितो, आणि समोरचा पूर्वींपेक्षां अधिक दिपतो.

डोळे दिपूं नयेत याचा खरा उपाय दिव्याची नजर जुळविणें हा होय. गाडींत नेहमींइतका माल भरावा, कारण मालानें मागची बाजू बसते व दिवे वर पाहूं लागतात. सपाट जागीं भिंतीपासून १० मीटरांवर गाडी उभी करून दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेनें दाखवावी. खालच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या सुमारें १० सेंटिमीटर खालीं पडावी. न पडल्यास दिव्यामागील स्क्रूनें ती आणावी. दिवा उतरवून परत बसविल्यावर ही परीक्षा केल्यावांचून रात्रीं गाडी काढूं नये.

पुण्यांतच वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था आहे. तेथें वाहनांबरोबर त्यांचे दिवेही तपासले जातात. बल्ब, आरसा व आवरण यांचा मेळ बसून दिवा होतो. त्यांतील एक बदलला कीं उजेडाची दिशा व मात्रा बदलते. म्हणून ६०/५५ वॅटच्या जागीं अधिक वॅटचा बल्ब घालूं नये; त्यानें धारक वितळतो व तारा तापतात. आरसा गेला असेल किंवा आवरणास तडा असेल, तर नाना पेठेंतील सुट्या भागांच्या दुकानांतून चांगला नवा दिवा आणणें हेंच शहाणपणाचें.

तात्पर्य, बाहेरून घांसणें, लेप देणें, टोपी बसविणें व नजर जुळविणें हीं कामें प्रत्येक शेतकऱ्यानें घरीं करावीं. सांधा उकलण्याचें काम हात सराईत असेल तरच करावें. आणि उजेडाच्या वाटेंत रंग मुळींच आणूं नये. पावसाळा संपून उंसाच्या गाड्या रस्त्यावर येण्यापूर्वीं एक दुपार या कामीं खर्चावी. मालाचा भाव बाजारांत ठरतो, परंतु माल व माणूस सुखरूप बाजारांत पोंचणें हें पुष्कळ अंशीं या दोन दिव्यांवर अवलंबून असतें.