क्षयावरचे ‘हमखास’ औषध

परवा एक बाई मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. क्षयाच्या गोळ्या दोन महिन्यांतच बंद करून त्याला कुणाचे तरी चूर्ण सुरू केले होते. ‘‘डॉक्टर, कितीतरी जणांना गुण आलाय म्हणतात,’’ त्या म्हणाल्या. रागावण्याऐवजी मी त्यांना बर्लिनची हकीकत सांगितली.

१८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख काही भोंदू नव्हते. १८९० मध्ये त्यांनी क्षयावर औषध सापडल्याचे जाहीर केले. ते कशाचे बनवले, हे मात्र गुप्त ठेवले. देशोदेशीचे रोगी बर्लिनला धावले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल पेशाने डॉक्टर. तेही तेथे गेले, रोगी पाहिले आणि घाई करू नका, असे लिहिले. हे औषध जंतूंना मारत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. जानेवारी १८९१ मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी दगावलेल्या रोग्यांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष मांडले. टोचून घेतलेल्यांच्या शरीरात क्षयाच्या नव्या गाठी दिसल्या होत्या! ते औषध म्हणजे जंतूंचा ग्लिसरीनमधला अर्क, ट्यूबरक्युलिन. आज आपण हातावर ‘माँटू टेस्ट’ करतो ती त्याच्याच शुद्ध रूपाने. निदानाला मदत म्हणून, उपचार म्हणून नव्हे.

एवढे मोठे डॉक्टर फसले कसे? क्षय चढतो-उतरतो. विश्रांती आणि सकस आहार मिळाला की काही रोग्यांचा ताप आपोआप उतरतो, वजन वाढते. श्रेय शेवटच्या औषधाला जाते. म्हणून औषध न दिलेल्या रोग्यांशी तुलना लागते. इंग्लंडमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत तेच केले. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी सहा महिन्यांत १४ दगावले. औषध दिलेल्या ५५ पैकी ४. पण विश्रांतीवरच्याही काहींची प्रकृती सुधारली होती, हे विसरू नका! एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू पुढे दाद देईनासे झाले, म्हणून आज अनेक औषधे एकत्र देतात.

बाईंच्या मुलाचा खोकलाही दोन महिन्यांत थांबला होता, आणि तो थांबवला होता गोळ्यांनीच. चूर्णाच्या पुडीवर घटकांचा पत्ता नाही. मुलाचा बेडका तपासायला पाठवला आहे. कुणाच्या गोळ्या अशा मध्येच सुटल्या असतील, तर मनाने पुन्हा सुरू करू नयेत. जंतू औषधांना दाद देतात की नाही, हे आधी पाहावे लागते. ही तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.