दादासाहेब गायकवाड आणि जमिनीचा प्रश्न

नाशिकास आलेला यात्रेकरू पंचवटींत काळारामाचें दर्शन घेतो आणि गोदावरीकडे वळतो. ज्या दारांतून तो आंत जातो, त्याच दारांशीं २ मार्च १९३० रोजीं हजारों अस्पृश्य स्त्रीपुरुष सत्याग्रहासाठीं उभे होते, आणि दारें बंद होतीं. लढ्याचे नेते डॉ. आंबेडकर, परंतु तो वर्षानुवर्षें चालविण्याचें ओझें ज्यांनीं वाहिलें, ते भाऊराव कृष्णराव गायकवाड दिंडोरी तालुक्यांतील आंबे गांवचे. लोक त्यांना दादासाहेब म्हणत.

सत्याग्रह आतां थांबवावा असें डॉ. आंबेडकरांनीं ३ मार्च १९३४ रोजीं कळविलें, तें पत्र दादासाहेबांनाच लिहिलेलें आहे. देवळांत शिरल्यानें आपला प्रश्न सुटेल अशी अपेक्षा नव्हतीच; समाजास जागें करण्याचा तो उपाय होता, असा त्याचा आशय. चार वर्षें दारांशीं झुंजलेल्या कार्यकर्त्यास हें वाचून काय वाटलें असेल? मला वाटतें, त्यांच्या पुढील कार्याचें बीज ह्याच पत्रांत आहे.

महायुद्ध संपलें, स्वराज्य आलें, आणि १९४७ सालीं मुंबई प्रांतांत मंदिर-प्रवेशाचा कायदाहि झाला. राहिली ती जमीन.

महाराची वतनी जमीन ही मोठी फसवी वस्तु होती. त्या तुकड्यापायीं सरकारी निरोप पोंचवावे, साऱ्यासाठीं रयतेस चावडीवर बोलवावें, वसूल तालुक्यास न्यावा, आणि हें सर्व वेळकाळ न पाहतां, पिढ्यान्‌पिढ्या. वांटण्या होऊन तुकडा इतका लहान होई कीं त्यावर पोट भरेना. सोडावा तर तेवढाहि आधार जाई. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं ह्याविरुद्ध विधेयक मांडलें. वतनें नष्ट करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडलें. पण ज्याच्या नांवावर तुकडाहि नव्हता, त्या मजुराचें काय?

दादासाहेबांनीं हा प्रश्न उचलला. १९५७ सालीं ते नाशिकहून लोकसभेवर निवडून गेले होते. पडीत सरकारी जमीन भूमिहीनांस द्यावी ह्यासाठीं त्यांनीं १९५९ सालीं सत्याग्रह केला. पक्षांतील कांहीं शहरी सुशिक्षितांना ही वाट साम्यवादाकडे जाणारी वाटे, आणि धोतर नेसणाऱ्या ह्या खेडवळ पुढाऱ्याची थोडी थट्टाहि होई. त्यांनीं वाट सोडली नाहीं. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला व लक्षावधि माणसें तुरुंगांत गेलीं. त्यांत बायकाहि होत्या. जात कोणतीहि असो, भूमिहीनाला जमीन व मजुराला किमान वेतन मिळावें, ह्या मागण्या पंतप्रधान लालबहादुर शास्त्री ह्यांच्यापुढें गेल्या. त्यांत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहांत डॉ. आंबेडकरांचें चित्र लावावें हीहि एक होती.

तें चित्र १९९० सालीं लागलें. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजींच वारले होते. जमीन कांहींना मिळाली. गायरान कसणाऱ्या पुष्कळांच्या सातबाऱ्यावर मात्र त्यांचें नांव अद्याप चढलेलें नाहीं.