एक गाव, दोन स्वप्ने

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेची भूमी युरोपातील अनेक अस्वस्थ मनांना कोऱ्या पाटीसारखी वाटत होती. तेथील मूळ रहिवाशांच्या दृष्टीने ती कोरी खचितच नव्हती. परंतु धर्मपीठाच्या जाचाला किंवा गिरण्यांच्या धुराला विटलेल्या माणसांना तेथे नवा समाज उभारता येईल अशी आशा वाटे. अशा आशेने वसविलेल्या वसाहती थोड्याथोडक्या नव्हत्या. त्यांपैकी इंडियाना राज्यात वॉबॅश नदीच्या काठी असलेल्या एका गावाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. कारण तेथे त्याच घरांत आणि त्याच शेतांवर दोन निरनिराळी स्वप्ने एकापाठोपाठ एक पाहिली गेली.

पहिले स्वप्न जर्मनीतील व्युर्टेंबर्ग प्रांताच्या जॉर्ज राप या धर्मोपदेशकाचे. ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ आले आहे, अशी त्याची दृढ श्रद्धा होती. तेथील अधिकृत चर्चशी न पटल्यामुळे तो अमेरिकेत आला, आणि 1805 साली पेनसिल्व्हेनियात त्याच्या अनुयायांनी आपली सारी मालमत्ता संघाच्या स्वाधीन केली. पुढे 1807 पासून त्यांनी ब्रह्मचर्याचाही अंगीकार केला; विवाहित जोडपीसुद्धा भावाबहिणीप्रमाणे राहू लागली. 1814 मध्ये ही मंडळी वॉबॅशच्या काठी आली. आरंभी हिवतापाने पुष्कळ माणसे दगावली. तरी दलदल हटवून दहा वर्षांत त्यांनी शेते, द्राक्षमळे, गिरण्या आणि विटांची टुमदार घरे उभी केली. त्यांचा माल नदीमार्गे थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाई. कोणी किती धन आणले होते याची नोंदवही त्यांनी 1818 साली जाळून टाकली. श्रीमंत आणि गरीब हा भेद स्मरणातूनही पुसला जावा, हा त्यातला हेतू. मात्र या समतेच्या शिरोभागी रापचा शब्द होता, आणि तो शब्द अखेरचा होता.

राप आपल्या मंडळींसह पेनसिल्व्हेनियात परतला, तेव्हा 1825 साली ते सबंध गाव रॉबर्ट ओवेन याने विकत घेतले. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे गिरणी कामगारांची स्थिती सुधारून नाव मिळविलेला हा उद्योगपती. माणसाचा स्वभाव परिस्थितीने घडतो. परिस्थिती पालटली म्हणजे माणूसही पालटेल, हा त्याचा सिद्धांत. वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात त्याची दोन व्याख्याने झाली. त्याच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन न्यू हार्मनीत शेकडो लोक आले. त्यांत विद्वान होते, ध्येयवादी होते, आणि आयती भाकरी शोधणारेही होते. नांगर धरणारे व कसबी कारागीर मात्र पुरेसे नव्हते. ओवेन स्वतः पुष्कळ काळ बाहेरच असे. घटना झाली, मग दुसरी झाली. गट पडले, गटांचे उपगट पडले. कोणी किती काम केले याचा हिशेब दुकानाच्या वहीत मांडला जाई. राप्पपंथीयांनी जी वही जाळली, तीच जणू येथे पुन्हा उघडली गेली! दोन वर्षांत, 1827 साली, प्रयोग संपला आणि ओवेनच्या संपत्तीचा मोठा भाग त्यात बुडाला.

एवढ्यावरून श्रद्धा जिंकली आणि बुद्धी हरली, असा निवाडा देण्याचा मोह होतो. परंतु इतिहास इतका सरळ नसतो. राप्पपंथीयांना एकत्र बांधणारे बंधन बळकट होते. तथापि त्याच बंधनाने त्यांच्या घरांतून पाळण्याचा आवाज नाहीसा केला. 1847 साली राप वारला, नवे सभासद फारसे आले नाहीत, आणि संपत्ती विपुल असूनही 1905 मध्ये संघ विसर्जित झाला. त्यांच्या पाठीमागे घरे राहिली, वारस राहिले नाहीत.

ओवेनच्या मोडलेल्या गावातून मात्र निराळे पीक आले. विल्यम मॅक्ल्यूर, टॉमस से यांसारखे शास्त्रज्ञ जे तेथे आले होते, त्यांच्यामुळे त्या आडगावी विज्ञानाचे बीज रुजले. ओवेनचा मुलगा डेव्हिड डेल हा नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ झाला; दुसरा मुलगा रॉबर्ट डेल याने काँग्रेसमध्ये प्रयत्न करून स्मिथसोनियन संस्थेच्या 1846 च्या स्थापनेला हातभार लावला. मॅक्ल्यूरने 1838 साली श्रमिकांसाठी काढलेली ग्रंथालय-संस्था आजही त्या गावात आहे.

माणसांना एकत्र आणावयास नुसती सुंदर योजना पुरत नाही. एकमेकांसाठी काही सोडण्याची तयारी हवी, हे ओवेनच्या अपयशाने दाखविले. आणि सर्वस्व सोडूनही भागत नाही. उद्याच्या पिढीला जागा ठेवावी लागते, हे रापच्या यशाने दाखविले. नवा समाज घडवू पाहणाऱ्याला हे दोन्ही धडे त्या एकाच गावात मिळतात.