प्रवाळ पांढरे का पडतात?

अंगठीतले किंवा मंगळसूत्रातले पोवळे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यामुळे वर्गात 'प्रवाळ' म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर तोच लाल मणी येतो. पण भूमध्य समुद्रातले ते लाल प्रवाळ निराळे; ते अंधाऱ्या जागी वाढते आणि त्याचा रंग त्याच्या सांगाड्यातच असतो. लक्षद्वीपसारखी बेटे घडवणारे प्रवाळ मात्र उथळ, उबदार, भरपूर ऊन पोचणाऱ्या पाण्यात राहतात. त्यांचा सांगाडा पांढराशुभ्र चुन्याचा, आणि रंग बहुतांशी उसना!

हा रंग येतो सूक्ष्म एकपेशीय शैवालांकडून. प्रवाळाचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचाच असतो आणि त्याच्या पेशींमध्ये ही शैवाले वस्तीला असतात. दिवसा प्रकाशसंश्लेषण करून ती जी शर्करा तयार करतात, तिच्यातून यजमानाची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज भागू शकते. बदल्यात शैवालाला निवारा, कार्बन डायऑक्साइड आणि नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये मिळतात. चुन्याची प्रचंड बांधकामे उभी राहतात ती या भागीदारीच्या जोरावर.

पण ही भागीदारी फार नाजूक आहे. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा केवळ १ अंश सेल्सिअसने जास्त राहिले आणि ते चारेक आठवडे टिकले, तरी ती मोडू लागते. उष्णतेमुळे शैवालातील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते व ऑक्सिजनची अतिक्रियाशील, विषारी रूपे तयार होतात. मग प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो. उरलेल्या पारदर्शक मांसातून खालचा चुना दिसू लागतो. हेच विरंजन.

विरंजन म्हणजे मृत्यू, असे बरेचदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. पांढरा पडलेला प्रवाळ जिवंत असतो, पण उपाशी असतो. पाणी वेळेत थंड झाले तर शैवाले पुन्हा वाढतात. नाही झाले तर तो मरतो आणि थोड्याच दिवसांत त्याच्या सांगाड्यावर शैवालाचा थर चढतो.

त्याची झळ पहिल्यांदा लागते ती प्रवाळच खाऊन जगणाऱ्या फुलपाखरू माशांना. एरवी हे मासे आपापल्या चरण्याच्या जागेसाठी एकमेकांचा पाठलाग करतात. २०१६ च्या विरंजनानंतर हिंदी व प्रशांत महासागरांच्या सीमाभागातील प्रवाळभित्तींवर त्यांच्यातल्या झटापटी सुमारे दोन तृतीयांशाने घटलेल्या आढळल्या. भांडणात खर्च करायला शक्तीच उरली नव्हती, असाच त्याचा अर्थ आम्हांला दिसतो. पुढे लाटा आणि चुना पोखरणारे जीव मेलेल्या फांद्यांचा चुरा करतात. लपायच्या कपारी गेल्या की लहान मासे जातात, आणि त्यांच्यामागे त्यांना खाणारे मोठेही.

एकदा मेलेली भित्ती पुन्हा उभी राहते का? १९९८ मध्ये सेशेल्स बेटांभोवतीचे ९० टक्क्यांहून अधिक प्रवाळ नष्ट झाले. त्यानंतर अभ्यासलेल्या २१ भित्तींपैकी १२ सावरल्या, ९ वर समुद्रशैवाल माजले. सावरलेल्या बहुतेक भित्ती जास्त खोल पाण्यातल्या आणि अधिक खाचाखोचांच्या होत्या.

त्याच वर्षी लक्षद्वीपलाही जबर फटका बसला, तरी पश्चिमेकडील अनेक भित्ती काही वर्षांत सावरल्या. यात तिथल्या मासेमारीचा हात आहे. बेटावरचे मच्छीमार मुख्यतः ट्यूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, काठीच्या गळाने भर समुद्रात पकडत आले. त्यामुळे भित्तीवरचे पोपट मासे वाचले. ते शैवाल खरवडून खातात, दगड मोकळा ठेवतात, आणि अशा मोकळ्या दगडावरच प्रवाळाची पिल्ले बूड टेकतात. अलीकडे मात्र भित्तीवरच्या माशांची व्यापारी मासेमारी वाढली आहे, ही आम्हांला जास्त चिंतेची बाब वाटते.

कारण उसंतही कमी होत चालली आहे. १९९८ नंतर लक्षद्वीपमध्ये २०१०, २०१६ आणि २०२४ साली मोठी विरंजने झाली. २०२२ पर्यंतच्या २४ वर्षांत जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आले. ही बेटे समुद्रपातळीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहेत. त्यांची जमीन प्रवाळांच्याच चुऱ्याची आहे, आणि पावसाळ्यात येणाऱ्या लाटा अजून तरी या भित्तीवरच फुटतात.