अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल : सहाय्यक प्रशिक्षकाची व्यावसायिक वाटचाल

प्रस्तावना :
अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक सर्वपरिचित असतो. त्याच्या यशामागे उभा असणारा सहाय्यक प्रशिक्षक मात्र बहुधा अपरिचितच राहतो. या पदाची वाटचाल कशी घडते आणि ती कोणत्या घटकांवर अवलंबून असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पदाच्या पायऱ्या व कार्य :
या व्यवसायात प्रवेशासाठी एखादी सामाईक परीक्षा नाही. पदव्युत्तर शिक्षण घेत संघाचे काम करणारा विद्यार्थी-सहाय्यक ही अनेकांची पहिली पायरी होय. त्यापुढे सहाय्यक प्रशिक्षक, सहयोगी मुख्य प्रशिक्षक आणि अखेरीस मुख्य प्रशिक्षक असा क्रम साधारणपणे आढळतो. शालेय खेळाडूंचा शोध घेऊन त्यांना महाविद्यालयाकडे वळविणे, प्रतिस्पर्धी संघाच्या चित्रफितींचा अभ्यास करणे, खेळाडूंचा वैयक्तिक सराव घेणे ही सहाय्यकाची प्रमुख कामे होत.

तीन उदाहरणे :
बिल गथ्रिज यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डीन स्मिथ यांचे सहाय्यक म्हणून १९६७ पासून ३० वर्षे काम केले. १९९७ मध्ये त्यांना मुख्य पद लाभले आणि पुढील तीन वर्षांत त्यांचा संघ दोनदा राष्ट्रीय उपांत्य फेरीत पोहोचला. मार्क फ्यू १९८९ मध्ये गोंझागा विद्यापीठात विद्यार्थी-सहाय्यक म्हणून आले व १९९९ मध्ये तेथेच मुख्य प्रशिक्षक झाले. ड्यूक विद्यापीठाचे माजी खेळाडू जॉन शायर २०१३ मध्ये प्रशिक्षकवर्गात दाखल झाले आणि २०२२ मध्ये माइक शशेव्स्की यांचे उत्तराधिकारी ठरले. तिन्ही उदाहरणांत मुख्य पद रिक्त होणे हाच निर्णायक क्षण होता. सहाय्यकाची गुणवत्ता कितीही असो, त्या क्षणावर त्याचे नियंत्रण नसते. उलट, मुख्य प्रशिक्षकास पदमुक्त केल्यास त्याच्या सहाय्यकांच्या नोकऱ्याही सहसा संपुष्टात येतात.

वेतनमर्यादेचा प्रश्न :
एनसीएए या राष्ट्रीय क्रीडासंघटनेने १९९१ मध्ये नियम करून एका श्रेणीतील सहाय्यकांचे वार्षिक वेतन १६,००० डॉलरपर्यंत मर्यादित केले. खर्चात कपात व्हावी आणि नवोदितांसाठी जागा राखल्या जाव्यात, असा त्यामागील युक्तिवाद होता. प्रत्यक्षात ही पदे केवळ नवोदितांनाच मिळतील, अशी कोणतीही तरतूद नियमात नव्हती. अनुभवी प्रशिक्षकही त्याच वेतनात अडकले. ‘लॉ विरुद्ध एनसीएए’ या खटल्यात ही मर्यादा १८९० च्या शर्मन कायद्याचा भंग करणारी ठरली व १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड झाली. पुढे २०२३ मध्ये सहाय्यकांची अनुज्ञेय संख्या तीनवरून पाच करण्यात आली.

निष्कर्ष :
सहाय्यक प्रशिक्षकाची उन्नती गुणवत्ता, निष्ठा व संधी या तिन्हींच्या संयोगातून होते. यांपैकी संधी त्याच्या हाती नसते. म्हणूनच ‘शिकण्याची संधी’ हे अल्प वेतनाचे समर्थन होऊ शकत नाही, हा या खटल्याचा बोध महत्त्वाचा आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या श्रमावर ज्यांचे विभाग चालतात, अशा आपल्या महाविद्यालयांनीही त्याचा विचार करावयास हवा.