छत्तीस चिमटे

शेजारच्या मुलाने परवा नऊचा पाढा एका दमात म्हणून दाखवला. शाबासकी दिली आणि सहज विचारलं, "नव साते?" तो छताकडे बघत, ओठ हलवत पुन्हा नव एके नवपासून निघाला आणि त्रेसष्टला येऊन थांबला. हसलो नाही. मीसुद्धा अजून तसंच करतो.

माझे आजोबा पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घडाघडा म्हणत. रुपयाचे सोळा आणे होते तोवर बाजारात पावकीला किंमत होती. १९५७ साली दशमान नाणी आली आणि ती सगळी संपत्ती नुसती तोंडातच राहिली. पाढे आमच्याकडे जिभेवर राहतात. हातात किती उतरतात, याची मला शंका आहे. म्हणून भोर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या बाई पाढे दोरीवर वाळत घालतात असं कानावर आलं, तेव्हा बघायला गेलो.

खिडकीपासून फळ्यापर्यंत दोरी. तिच्यात १०० मणी ओवलेले; दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. मुलं मणी मोजत जातात आणि ठरलेल्या जागी कपड्यांचा चिमटा लावतात. एवढंच. चिमटे ३६.

"बाजारात तीन डझन घेतले," बाई म्हणाल्या. "छत्तीसमध्येच भागवायचं."

बेच्या पाढ्याला शंभरपर्यंत पन्नास चिमटे लागतात. त्यामुळे एका मुलाने मला गंभीरपणे सांगितलं, की बेचा पाढा बहात्तरला संपतो. उजळणीच्या पुस्तकात तो बे दाहे वीसला संपतो, म्हणजे हा पोरगा माझ्यापेक्षा बराच पुढे होता. तीनचे चिमटे लागले तेव्हा पहिल्या दहात तीन, दुसऱ्या दहात तीन, तिसऱ्यात चार. पुन्हा तीन, तीन, चार. कोणीतरी त्यावर टाळ्यांचा ठेका धरला. शेवटी एक मणी सुटा राहिला आणि तीन चिमटे डब्यात.

मागच्या पडवीत खिचडीला फोडणी बसली होती. हळदीचा वास वर्गात आला की पुढच्या बाकांवरचं निम्मं लक्ष उडायचं. लाल रिबीनवाली एक मुलगी मात्र दोरीपाशीच उभी होती. तिच्याकडे नऊचा पाढा आला होता.

ती एकेका मण्याला बोट लावून मोजत होती. नऊला चिमटा, पुढे लाल मणी एक उरला. अठराला चिमटा, पांढरे दोन उरले. सत्तावीस, लाल तीन. छत्तीस झाले, पंचेचाळीस झाले, आणि मग तिने पुढे मोजलंच नाही. सरळ पांढऱ्यांच्या टोकाला गेली, तिथून उलटे सहा मणी सोडले आणि चिमटा लावला. चोपन्न. खरं तर सहा मोजणं नऊ मोजण्यापेक्षा फार सोपं नाही. पण तोंडाने ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि त्रेसष्टला जायला तिला नव एकेपासून निघावं लागलं नाही. मी दिवसभर तिच्याच मागे होतो.

नावं घ्यायची वेळ आली की गाडं अडतं. साताला धरून दहा-दहाची उडी मारा: सत्तावीस, मग सदतीस, मग सत्तेचाळीस, सत्तावन्न, आणि लगेच सदुसष्ट. मणी एका रांगेत, नावं आपापल्या वाटेने. एकोणतीस म्हटलं की कानाला तीस ऐकू येतात. वहीत ३९ लिहिणारी दोन मुलं मी त्याच तासाला पाहिली. २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. करणाऱ्यांत मीही होतो. त्या दोन वह्या आधी पाहिल्या असत्या तर निदान जरा सबुरीने घेतलं असतं.

जेवणाआधी बाईंनी चारचा पाढा लावून घेतला. पंचवीस चिमटे गेले.

"उरले किती?"

"अकरा!"

"मग नऊचाही लावा. त्याच दोरीवर."

पुन्हा तीच मुलगी. नऊ, अठरा, सत्तावीस भराभर झाले. पुढच्या जागी चारचा चिमटा आधीच बसला होता. तिने बाईंकडे पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत. मग तिने आपला चिमटा त्याला खेटून लावला. भांडखोरांची जोडी दिसली की आपण छत्तीसचा आकडा म्हणतो. इथे तो एका मण्याशी दोन चिमटे घेऊन गुण्यागोविंदाने लोंबत होता. बहात्तरला पुन्हा तसंच झालं, या वेळी तिने बाईंकडे पाहिलंही नाही.

शेवटचा नव्व्याण्णवला लागला. तिने डब्यात हात घातला, मग डबा उलटा करून पाहिला.